चिपचा सातबारा : बंगळुरू आणि लिनक्सच्या ‘डिव्हाइस ट्री’चा इतिहास

संगणकाला वीज मिळाल्यानंतरचे पहिले काही क्षण अज्ञानाचे असतात. प्रोसेसर जागा होतो, कर्नल स्मृतीत उतरते. पण आपल्या अवतीभवती कोणकोणती उपकरणे आहेत, हे त्या दोघांनाही ठाऊक नसते. टेबलावरच्या संगणकात ही अडचण बऱ्याच अंशी सुटलेली आहे. तेथे पीसीआय बसवर विचारपूस करता येते आणि खाचेत बसवलेले प्रत्येक कार्ड आपली ओळख स्वतः सांगते. मोबाइल, राउटर, वीजमीटर किंवा मोटारीतील पडदा यांच्या पोटात असलेल्या चिपची गोष्ट निराळी. तिच्यातील बहुतेक उपकरणे मुकी असतात. ती विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि कोठे विचारायचे हेच कर्नलला माहीत नसते. चुकीच्या पत्त्यावर हाक मारली, तर यंत्र जागच्या जागी थिजते.

अशा यंत्राबाबत दोन प्रश्नांची उत्तरे आधी कोणीतरी लिहून ठेवावी लागतात. पहिला प्रश्न असा : प्रोसेसरपासून उपकरणापर्यंत जाणारा रस्ता कोणत्या बसवरून आणि कोणत्या पुलांवरून जातो? दुसरा प्रश्न याच्या उलट दिशेचा : उपकरणाला प्रोसेसरचे लक्ष वेधायचे असेल, तर त्याचा ‘इंटरप्ट’, म्हणजे व्यत्ययाची सूचना, कोणत्या तारेने आणि कोणत्या नियंत्रकामार्फत वर पोहोचते? ही उत्तरे कोठे लिहावीत, कोणी लिहावीत आणि एकदा लिहिल्यावर ती बदलता येतात का, या वादातून आजची ‘डिव्हाइस ट्री’ घडली. तिच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने बंगळुरूत लिहिली गेली आहेत.

सिम्प्युटरचा काळ

१९९८ साली बंगळुरूत विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्यातून पुढे आलेल्या विचारांतून ‘सिम्प्युटर’ची कल्पना आकाराला आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या नेतृत्वाखालील एन्कोअर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. २००१ च्या एप्रिलमध्ये तळहातावर मावणारे ते यंत्र जगासमोर आले. त्याच्या पोटात इंटेलची ‘स्ट्राँगआर्म एसए-१११०’ ही चिप होती आणि तिच्यावर लिनक्स चालत असे. स्मार्टफोन हा शब्द रुळण्यापूर्वीचा तो काळ होता.

या चिपचा इंटरप्ट कंट्रोलर समजून घेण्यासारखा आहे. त्याच्याकडे एकूण ३२ सूचना येऊ शकत. चिपच्या ज्या सर्वसाधारण टाचण्या बाहेर काढलेल्या असतात, त्यांपैकी ० ते १० या क्रमांकाच्या टाचण्यांना प्रत्येकी स्वतंत्र सूचना मिळालेली होती; ११ ते २७ या सतरा टाचण्यांना मिळून मात्र एकच. त्यामुळे एखादा कळफलक विसाव्या टाचणीला जोडला, तर प्रोसेसरला इतकेच कळे की त्या सतरांपैकी कोणीतरी बोलावले आहे. नेमके कोणी, हे शोधण्यासाठी पुन्हा आत डोकवावे लागे. म्हणजे एका नियंत्रकाच्या पोटात दुसरा छोटा नियंत्रक दडलेला होता.

कोणत्या टाचणीला काय जोडले आहे, हे त्या दिवसांत सी भाषेतील एका फाइलमध्ये लिहिलेले असे. तिला ‘बोर्ड फाइल’ म्हणत. आर्म जातीच्या प्रत्येक नव्या बोर्डाला एक नोंदणी-क्रमांक मिळे. चालू होताना बूटलोडर तो क्रमांक कर्नलला देई आणि कर्नल त्यानुसार योग्य ती बोर्ड फाइल निवडे. बोर्डांची संख्या मोजकी होती तोवर ही व्यवस्था सोयीची होती. पण तिच्यात एक मूलभूत दोष होता. यंत्राचे वर्णन आणि यंत्र चालवण्याची कृती एकमेकांत मिसळली गेली होती. एक टाचणी बदलली की संपूर्ण कर्नल नव्याने बांधावे लागे.

जमीन आणि जमिनीची नोंद

महाराष्ट्रातील वाचकाला या दोषाचे स्वरूप सातबाऱ्याच्या दाखल्याने चटकन समजेल. शेत एका जागी असते आणि त्याचा गट क्रमांक, क्षेत्र, मालक व पीक यांची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते. शेत नांगरणाऱ्याने दप्तर लिहायचे नसते आणि दप्तर लिहिणाऱ्याने नांगर धरायचा नसतो. बोर्ड फाइलमध्ये मात्र नांगर आणि दप्तर एकाच हातात होते.

ही दोन कामे वेगळी करण्याची युक्ती त्यापूर्वीच सापडलेली होती. सन मायक्रोसिस्टिम्समधील मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेवर आधारित असे फर्मवेअर रचले आणि ते १९८९ मध्ये ‘स्पार्कस्टेशन १’ या संगणकातून बाजारात आले. चालू होताना हे फर्मवेअर यंत्रातील साऱ्या उपकरणांचा एक वृक्ष तयार करी आणि तो कार्यप्रणालीच्या स्वाधीन करी. १९९४ साली याच कल्पनेला ‘आयईईई १२७५’ हे प्रमाण-रूप मिळाले आणि ती ‘ओपन फर्मवेअर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्राशीही तिचा एक छोटासा संबंध आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाडा येथील शाळेतल्या मुलांच्या हाती ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ते चालू होत असत ब्रॅडली यांच्याच ओपन फर्मवेअरवर.

या परंपरेतील सर्वांत सूक्ष्म विचार इंटरप्टविषयी झाला. पत्त्यांचा वृक्ष सरळ असतो. मुळाशी प्रोसेसर, त्याच्याखाली बस, बसखाली पूल, पुलाखाली दुसरी बस आणि तिच्यावर उपकरण. इंटरप्ट मात्र या वाटेने परततीलच असे नाही. तापमान मोजणारी एखादी संवेदक-चिप दोन तारांच्या आय-टू-सी बसवर बसलेली असते, पण तिची व्यत्ययाची तार थेट भलत्याच टाचणीला सोल्डर केलेली असते. म्हणून एकाच यंत्रात दोन वृक्ष मानावे लागतात : एक पत्त्यांचा आणि दुसरा व्यत्ययांचा. दुसऱ्या वृक्षात प्रत्येक उपकरण ‘इंटरप्ट-पेरेंट’ या गुणधर्माने आपला नियंत्रक सांगते. नियंत्रक ‘इंटरप्ट-सेल्स’ या गुणधर्माने आपल्याला किती अंकांत निरोप हवा ते सांगतो. एखाद्याला नुसता क्रमांक पुरतो. दुसऱ्याला क्रमांकासोबत संकेत चढताना पकडायचा की उतरताना, हेही हवे असते.

ओमॅपची गर्दी आणि २०११ चा स्फोट

२००५ च्या सुमारास लिनक्समधील पॉवरपीसीच्या दोन शाखा एकत्र आणताना बेंजामिन हेरेनश्मिट यांनी या वृक्षाला सपाट फाइलचे रूप दिले. आता ओपन फर्मवेअरसारखे भारदस्त फर्मवेअर नसले तरी चालणार होते. साध्या बूटलोडरने तो दस्तऐवज स्मृतीत ठेवला की पुरे. आर्मचे जग तेव्हाही बोर्ड फाइलींवरच समाधानी होते. मोबाइलच्या लाटेने चिपांच्या जाती वाढल्या, प्रत्येक जातीचे बोर्ड वाढले आणि कर्नलमध्ये एकसारख्या फाइलींचा ढीग साचत गेला. २०११ च्या मार्चमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या, म्हणजेच टीआयच्या, ओमॅप चिपांसंबंधीचे बदल स्वीकारताना लिनस टोरवाल्ड्स यांचा संयम संपला. आर्मच्या या पसाऱ्यावर त्यांनी जाहीरपणे कठोर टीका केली. ग्रँट लाइक्ली आणि इतरांनी आर्मसाठी डिव्हाइस ट्रीचे काम आधीच हाती घेतले होते. या टीकेनंतर त्याला पर्याय उरला नाही. २०१२ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ३.७ पासून एकच आर्म कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपांवर चालवणे शक्य झाले.

ओमॅपच्या निमित्ताने झालेल्या या वादाशी बंगळुरूचा संबंध होताच. टीआयने १९८५ सालीच या शहरात आपले संशोधन-विकास केंद्र उघडले होते आणि चिप-आरेखनाची माहिती परदेशी पाठवण्यासाठी उपग्रह-दुवा वापरला होता. लिनक्सच्या बाजूनेही शहराची मशागत झालेली होती. बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले आणि पुढे बंगळुरूत स्थायिक झालेले अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी भारतभर पोहोचली. २००१ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगळोर’ ही परिषद भरवली. पुढे तिचे नाव ‘फॉस डॉट इन’ झाले आणि २०१२ पर्यंत ती चालली. मुक्त सॉफ्टवेअर केवळ वापरू नका, त्यात भर घाला, हा आग्रह या परिषदेने नंतरच्या वर्षांत सातत्याने धरला. २०१३ मध्ये चिटणीस यांचे निधन झाले. तोवर बंगळुरूतील अभियंत्यांची नावे कर्नलच्या देखभाल-सूचीत दिसू लागली होती. टीआयच्या दाविंची कुळातील चिपांच्या शाखेची देखभाल करणारे शेखर नोरी हे त्यांपैकीच एक.

एका पत्त्याचा प्रवास

डिव्हाइस ट्रीत पुलाचे वर्णन कसे करतात, हे पाहण्यासाठी टीआयची ‘एएम३३५एक्स’ ही चिप उत्तम उदाहरण आहे. २०११ मध्ये आलेल्या ‘बीगलबोन’ या छोट्या बोर्डामुळे ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोहोचली. तिच्या दुसऱ्या सीरियल पोर्टचा पत्ता षोडशमान पद्धतीत ४८०२२००० असा आहे. आजच्या डिव्हाइस ट्रीत मात्र त्या पोर्टच्या नोडमध्ये पत्ता लिहिलेला असतो केवळ शून्य.

ही चूक नव्हे. पोर्ट ज्या आवरणात बसलेले आहे, त्याच्या दृष्टीने ते शून्याव्याच जागी आहे. त्या आवरणाच्या नोडमधील ‘रेंजेस’ हा गुणधर्म सांगतो की माझे शून्य म्हणजे वरच्या पातळीवरचे २२०००. त्याच्या वरचा पूल सांगतो की माझे शून्य म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने ४८००००००. दोन्हींची बेरीज केली की ४८०२२००० हा खरा पत्ता हाती येतो. वाडीतील घर, गावातील वाडी आणि तालुक्यातील गाव अशा क्रमाने पत्ता सांगावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक पातळी आपल्यापुरतेच बोलते. उद्या तोच पोर्ट दुसऱ्या चिपमध्ये दुसऱ्या पुलाखाली बसवला, तरी पोर्टचे स्वतःचे वर्णन बदलत नाही.

‘रेंजेस’च्या तीन अवस्था विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवाव्यात. त्यात आकडे असतील, तर पत्त्याचे भाषांतर होते. तो रिकामा असेल, तर वरचे आणि खालचे पत्ते एकच असतात. तो मुळी लिहिलेलाच नसेल, तर खालच्या उपकरणाला प्रोसेसर थेट हात लावू शकत नाही. आय-टू-सी बसवरील संवेदक या तिसऱ्या वर्गात येतात. रिकामा गुणधर्म आणि अनुपस्थित गुणधर्म यांतील हा भेद न कळल्याने नवख्या अभियंत्यांच्या कित्येक रात्री खर्ची पडतात.

त्याच सीरियल पोर्टची व्यत्ययाची तार ७३ क्रमांकाची आहे. ती पुलांची वाट न धरता १२८ सूचना सांभाळणाऱ्या मुख्य नियंत्रकाकडे जाते. या नियंत्रकाला निरोप एकाच अंकात हवा असतो, म्हणून नोडमध्ये फक्त ७३ लिहिले की काम भागते. चिपच्या ३२-३२ टाचण्यांचे गट मात्र दुहेरी भूमिका बजावतात. मुख्य नियंत्रकासमोर ते साधे उपकरण असतात आणि स्वतःला जोडलेल्या बटणांसमोर तेच नियंत्रक होतात. सिम्प्युटरच्या चिपमध्ये जे सी भाषेच्या ओळींत दडलेले होते, ते येथे नोंदीच्या रूपाने उघड झाले.

चौथी तार

मोटारींसाठी टीआयने काढलेल्या ‘डीआरए७’ कुळाने ही भाषा आणखी ताणून पाहिली. या चिपमध्ये सूचना देऊ पाहणारे स्रोत सुमारे ४०० आणि आर्मच्या नियंत्रकापर्यंत पोहोचणाऱ्या वाटा १६० होत्या. म्हणून मध्ये ‘क्रॉसबार’ नावाची एक जुळणी-पेटी ठेवण्यात आली. कोणता स्रोत कोणत्या वाटेवर सोडायचा, हे तिच्यात चालू यंत्रावर ठरवता येते. काही वाटा आधीच आरक्षित असतात, तर काहींना हात लावायचा नसतो. २०१३-१४ च्या सुमारास बंगळुरूतील अभियंत्यांनी या पेटीचा ड्रायव्हर आणि तिचे डिव्हाइस ट्रीतील वर्णन कर्नलमध्ये आणले.

याच चिपच्या पीसीआय एक्सप्रेस पुलाचे काम २०१४ मध्ये किशन विजय अब्राहम यांनी कर्नलमध्ये आणले. पीसीआयच्या जगात जुन्या पद्धतीचे चारच व्यत्यय असतात. त्यांना ए, बी, सी, डी अशी नावे असून प्रमाणानुसार त्यांचे क्रमांक १ ते ४ आहेत. डिव्हाइस ट्रीतील ‘इंटरप्ट-मॅप’ हा तक्ता प्रत्येक अक्षराची गाठ यजमान चिपच्या नियंत्रकाशी घालून देतो. मध्ये आणखी एखादा पीसीआय पूल आला, तर तो या चार तारा एकेक घराने फिरवतो, कारण सर्वच कार्डे ए तार वापरू लागली तर तिच्यावर गर्दी होईल. पुलाखालच्या तिसऱ्या क्रमांकाच्या उपकरणाची ए तार अशा रीतीने वर येईपर्यंत डी झालेली असते.

येथे एक शिकवण देणारा दोष दडला होता. तक्त्यात क्रमांक १ ते ४ होते, तर ड्रायव्हरने आतल्या नोंदीसाठी चार घरे आखली होती ० ते ३ अशी. पहिल्या तीन तारा आपापल्या घरात बसल्या. चौथीला घरच नव्हते. बहुतेक कार्डे ए तारेवर भागवत असल्याने हा दोष दीर्घकाळ कोणाच्या नजरेस आला नाही. २०१८ च्या सुरुवातीस तो दुरुस्त झाला : १ ते ४ चे भाषांतर ० ते ३ मध्ये करणारी एक सामाईक सोय कर्नलमध्ये आलेली होती, ती येथेही वापरण्यात आली. दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये झाली, हे महत्त्वाचे. तक्त्यातील अंक प्रमाणाला धरून होते. त्यांना कोणी हात लावला नाही.

हा संयम कशासाठी? डिव्हाइस ट्रीचा करार असा की एकदा प्रसिद्ध झालेल्या वर्णनाचा अर्थ बदलायचा नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मोटारीत वा वीजमीटरमध्ये जो दस्तऐवज कोरला गेला आहे, तो आजच्या कर्नललाही वाचता आला पाहिजे. सी भाषेतील चूक पुढच्या आवृत्तीत पुसता येते. नोंदीतील चूक मात्र वर्षानुवर्षे वागवावी लागते. म्हणूनच नव्या वर्णनांची छाननी कडक असते. २०१९ च्या सुमारापासून रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने या वर्णनांचे नियम यंत्राला तपासता येतील अशा साच्यांत लिहिले जाऊ लागले. ‘इंटरप्ट-सेल्स’ म्हणते दोन आणि नोंदीत अंक तीन, अशी विसंगती आता बोर्डाला वीज देण्यापूर्वीच पकडता येते.

स्वतःच्या चिपचे वर्णन

गेल्या काही वर्षांत या इतिहासाला नवे वळण मिळाले आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेल्या प्रोसेसरांसाठी व्यत्ययांची नवी प्रगत रचना २०२३ मध्ये मान्य झाली. तिच्यात व्यत्यय हा केवळ तारेवरचा संकेत राहत नाही; तो एका ठरावीक पत्त्यावर लिहिलेला निरोप होतो. जुन्या तारांचे संकेत गोळा करून त्यांचे निरोपांत रूपांतर करणारा एक नियंत्रक आणि प्रत्येक गाभ्याजवळ असे निरोप स्वीकारणारा दुसरा, अशी तिची मांडणी आहे. व्यत्ययाचा वृक्ष आणि पत्त्याचा वृक्ष येथे पुन्हा एकमेकांना भेटतात, कारण निरोपाला आता पत्ता लागतो. या रचनेचे लिनक्समधील ड्रायव्हर भारतीय अभियंता अनुप पटेल यांनी लिहिले आणि ते २०२४ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.१० मध्ये दाखल झाले.

दरम्यान मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’ आणि सी-डॅकमध्ये ‘वेगा’ ही प्रोसेसर-कुळे आकाराला आली. दोन्ही रिस्क-फाइव्हवरच आधारलेली आहेत. सी-डॅकची स्थापना १९८८ साली पुण्यात झाली होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. या चिपांच्या भवितव्याची चर्चा होते तेव्हा नॅनोमीटर आणि गिगाहर्ट्झ यांचीच उजळणी होते. पण चिप तयार झाली म्हणजे ती लिनक्सच्या जगात दाखल झाली असे होत नाही. तिच्या नियंत्रकांची, पुलांची आणि तारांची नोंद सार्वजनिक कर्नलमध्ये, प्रमाण साच्यात, अचूकपणे लिहिली गेली पाहिजे. ती नोंद नसेल, तर चिपसोबत आलेले एकच जुने कर्नल तिला जन्मभर पुरवावे लागते. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि चांगले सिलिकॉन काही वर्षांतच अडगळीत जाते.

सिम्प्युटरच्या काळात परदेशी चिपभोवती यंत्र उभे करणे हे साहस होते. त्यानंतरच्या दोन दशकांत परदेशी कंपन्यांच्या चिपांचे वर्णन लिहिता लिहिता बंगळुरूत या विद्येचे जाणकार तयार झाले. देशात आखलेल्या चिपांचा सातबारा लिहिण्याचे काम आता समोर आहे. त्यासाठी लागणारी भाषा खुली आहे, तिचे नियम कोणालाही वाचता येतात आणि सरावासाठी बीगलबोनसारखा एखादा बोर्ड पुरेसा आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्याची डिव्हाइस ट्री उघडावी, एक उपकरण निवडावे आणि दोन प्रश्न विचारावेत : याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, आणि याची हाक वर जाते कोठून?

#विज्ञानवार्ता #लिनक्स #बंगळुरू #रिस्कफाइव्ह